पानं उलटणारी मावशी

मावशी संगीतशाळेच्या कचेरीत कारकून होती. पण शहरात कुणी पियानोवादक आला, की नोटेशनची पानं उलटायला बोलावणं तिलाच. वादकाच्या डाव्या अंगाला बसायचं, त्याने मान हलवली की उठून पान उलटायचं आणि पुन्हा आपण नाहीच असं बसायचं. मावशी मैफलीत उठाबशा काढायला जाते, असं भाची चिडवायची. चिडवेना का! आजवर तिचं एकही पान चुकलं नव्हतं, याचा मावशीला कोण तोरा. त्यासाठी ती एकच पथ्य पाळायची: डोळे ओळींवर ठेवायचे, ऐकायचं नाही. ऐकत बसलं की हात हमखास विसरतो.

त्या संध्याकाळचा वादक नावाजलेला, पण नाकाच्या शेंड्यावर राग. पानं उलटणाऱ्यांना तो रडवतो, अशी ख्याती होती. मावशीचा जीव टांगणीला लागला. इतक्या वर्षांची अब्रू आज जाते की राहते?

कार्यक्रम फ्रेंच इम्प्रेशनिस्ट संगीतकारांच्या रचनांचा होता. शेवटची रचना पाण्यावरच्या उजेडाची, मावशीच्या हाताखालून कितीदा तरी गेलेली. बाकीचे वादक पेडलवर पाय रोवून सगळे सूर एकात एक कालवून टाकायचे. याने पाय अलगद उचलला. एकेक सूर सुटा पडला, निथळला, मगच दुसरा आला. मध्ये तो इतका निवांत थांबला, की मावशीने डोळे मिटले आणि चक्क ऐकलं. तिला फार सुख झालं.

डोळे उघडले तेव्हा संगीत दोन पानं पुढे गेलं होतं. ती धडपडत उठली. तो मात्र डोळे मिटून खुशाल वाजवत होता.

टाळ्या सुरू असतानाच पडद्यामागे मावशीने खाली मान घालून माफी मागितली.

"अहो, पानं मला केव्हाचीच पाठ आहेत," तो म्हणाला.

"मग मला कशाला बसवलंत?"

"एवढ्या लोकांसमोर एकट्याला भीती वाटते. पण शेजारी कुणाला बसवावं, तर ते माणूस पानंच मोजत बसतं. ऐकलं फक्त तुम्ही."

बाहेर टाळ्या थांबेनात. आणखी एक वाजवणं भाग होतं. मावशी सवयीने वही उचलू लागली, तर ती त्याने काढून घेतली आणि तिला पुढे घातलं. रिकाम्या हातांनी मावशी त्याच्या शेजारी बसली आणि सगळ्या सभागृहादेखत, तोंडभर हसत, शेवटच्या सुरापर्यंत ऐकत राहिली.