लाईनीच्या शेवटचं घर

साहेबांनी फाईलमधला एक कागद वर धरला. "ये शेवंताबाई कौन हैं?"

"मेरी घरवाली थी, साहब. सावन में गुजर गई."

"इनकी तो सहमति है."

मोहल्ल्याची हरकत सांगायला मी उभा होतो.

आमच्या मोहल्ल्यामागं धानाच्या बांध्या होत्या. तिथं एका बिल्डरला पाच मजली इमारती बांधायच्या होत्या. शहाण्णव घरं. बालाघाटात नगरपालिकेत सुनवाई लागली. मोहल्ल्यानं मला पुढं केलं, कारण मी तीस वर्षं वालमन होतो. टाकीचं पाणी कोणत्या गल्लीत किती वेळ सोडायचं, ते चावी फिरवून ठरवणारा तो वालमन. माझी शाळा चौथीपर्यंत. पण जमिनीखाली पाईप कुठं वळतो, ते मी नकाशाशिवाय सांगतो.

तेच सांगितलं होतं. "साहब, तीन इंच की लाइन है. आज ही आखरी घर में बूंद-बूंद आता है. उसमें और छियानवे घर?"

त्यावर साहेबांनी तो कागद काढला.

शेजारचा देवराम उसळला. "मेलेल्या बाईची सही मारली, साहेब." मग माझ्या कानात बोलला, "खोटी हाय म्हना ना, काका. फाईल इथंच बंद होते."

मलाही खोटीच वाटली. कागद हातात घेतला. सही तिचीच होती. मोडकी. बँकेत लागते म्हणून मीच शिकवलेली. तारीख होळीच्या आधीची, ती असतानाची. बाजूला कारणाचा रकाना. तिचं बोलणं कोणी तरी हिंदीत उतरवलं होतं. घर में पानी नहीं आता. बिल्डिंग बनेगी तो बड़ी लाइन आएगी.

ते शेवटचं घर माझंच.

ती म्हणायची, "साऱ्या गावाले पाणी सोडता. आपल्या घरी कवा येईन?"

मी म्हणायचो, "आपल्या गल्लीचा वाल जास्त उघडला तं लोक काय म्हनतीन?"

ती पाण्याची गुंडी उचलून बोरिंगवर जायची. हातपंप हापसायची. मला वाटायचं, तिला पटलं. तीस वर्षं तसंच वाटलं.

"बोला ना, काका," देवराम म्हणाला.

"काय बोलू? सही तिचीच हाय."

"तो विरोध वापस लेते हैं?" साहेबांनी विचारलं.

"नहीं साहब. उसने जो मांगा, वो पहले दो. टाकी से बड़ी लाइन हमारे मोहल्ले से होकर जाए. बिल्डिंग उसके बाद."

साहेबांनी मंजुरीत तशी अट लिहिली. देवराम बाहेर आल्यावर म्हणाला, "मेलेल्या बायकोसाठी मोहल्ला बुडवला तुमी." महिनाभर बोलला नाही. आता त्याच्याही नळाला धार आहे. तरी गाड्यांच्या धुळीसाठी मलाच शिव्या देते. त्याचंही खोटं नाही. मागून आता उजेड कमी येते.

नवीन लाईनीला प्रेशर इतकं, की नळाखाली बादली धरून ठेवावी लागते. एका माणसाची एक बादली. लवकर भरते.

हरकत लिहून देण्याआधी आपल्या घरात एकदा विचारून घ्यावं. मी गल्लोगल्ली विचारत फिरलो, पाणी पुरते का म्हणून. माझ्या घरचं मला नगरपालिकेच्या फाईलीत वाचावं लागलं.