सात नंबरची जर्सी

"नाव चांगलं आहे, पण पुरावा कुठाय?" अध्यक्षांनी फॉर्म माझ्याकडे परत सरकवला.

जव्हारच्या आमच्या क्रीडा मंडळाने हॉलमध्ये गौरवभिंत सुरू केली होती. जव्हार-मोखाड्याच्या जुन्या खेळाडूंपैकी दरवर्षी पाच जणांचे फोटो तिथे लागतात. मी तीस वर्षं पीटी शिकवून रिटायर झालो, म्हणून निवड समितीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. पद्धत सोपी. कोणीही नाव सुचवावं, समितीने कागद तपासावेत आणि मत द्यावं. चार नावं ठरली. पाचवं होतं पोशेऱ्याच्या कमलताईंचं.

त्यांच्या तरुणपणी खो-खोची फायनल होती, तेव्हाच्या अख्ख्या ठाणे जिल्ह्याची. शेवटच्या डावात आमची एक मुलगी चार मिनिटं पळत राहिली, आउटच झाली नाही. ती कमल, असं सगळे सांगायचे. पण तिची सर्टिफिकेटं वाळवीने खाल्लेली.

मी त्या वेळच्या कोचच्या घरी गेलो. त्यांच्या मुलाने माळ्यावरची ट्रंक काढून दिली. तळाशी स्कोअरशीट सापडली. कोणती खेळाडू किती वेळ टिकली, हे स्कोअरशीटवर लिहितात, तेही नावाने नाही, जर्सीच्या नंबरावरून. सात नंबर, चार मिनिटं दहा सेकंद. टीमच्या यादीत सात नंबर म्हणजे कमल. काम झालं.

फक्त सही घ्यायला पोशेऱ्याला गेलो. कमलताई अंगणात नाचणी पाखडत होत्या. त्यांनी कागद नीट वाचला आणि सूप खाली ठेवलं.

"ही मी नाय, सर."

"म्हणजे? सात नंबर तुमचाच ना?"

"जर्सी माझी. पाय मुरगळला म्हणून मी बाहेर बसले. माझ्या जागी सेवंती गेली, सूर्यमाळची. बदलीच्या पोरींना जर्सी नव्हत्या. मग माझीच तिला घातली."

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोलले की. लोकं म्हणायची, कमल लाजते." त्या हसल्या. "सही नाय करायची मी. तिचं नाव लिवा."

अध्यक्ष वैतागले. "कागद म्हणतो कमल, कमल म्हणते सेवंती. उद्या तिसरी येईल. तुम्ही गावभर विचारत फिरणार का?"

"फिरतो," मी म्हणालो. रिटायर माणसाला दुसरं काम काय?

समोरच्या टीमची कॅप्टन आता नाशिकला शिक्षिका आहे. अध्यक्षांसमोरच स्पीकरवर फोन लावला. त्यांना त्या मुलीचं नाव आठवेना. "पण बुटकी होती हो. हात टाकला की खालून निसटायची. त्या दिवशी मी रडले होते."

कमलताई दारातून वाकून आत येतात, इतक्या उंच. अध्यक्षांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेनचं टोपण काढलं.

सेवंतीबाई सूर्यमाळजवळच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाक करतात. मी फायनलचं नाव काढताच त्या सावध झाल्या. म्हणाल्या, "जर्सी मी धुऊन परत केली होती, सर. कमलला इचारा."

कशासाठी आलोय हे समजवायला मला पाच मिनिटं लागली. कळलं तेव्हा त्या तिथेच पायरीवर बसल्या. मग आत जाऊन पोरींना म्हणाल्या, "मी खेळायची, सांगत नव्हते तुम्हाला?"

कार्यक्रमाला आश्रमशाळेच्या पोरी दोन जीप भरून आल्या. फोटोवरचा पडदा कमलताईंनी ओढला. टाळ्या थांबेनात, तेव्हा सेवंतीबाईंनीच हात वर करून पोरींना गप्प केलं.

त्यानंतर अध्यक्षांनी स्वतः फॉर्ममध्ये खेळाडूसाठी एक प्रश्न वाढवला: तुमच्यापेक्षा चांगलं कोण खेळायचं? बहुतेक जण ती ओळ कोरी सोडतात. जे नाव लिहितात, त्यांचे कागद मी आता फारसे तपासत नाही.