हात न लावता

आमचे उस्ताद माणसाच्या कपाळावर बोटाचं पेर आपटून तो घडीव की ओतीव ते सांगत. माझ्या कपाळावर त्यांनी पहिल्याच दिवशी आपटलं आणि गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले, "बीड हाय." बीड म्हणजे ओतीव लोखंड. तेव्हा मी तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप होतो. पुढची नऊ वर्षं अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या वर्कशॉपात मी बीडच राहिलो.

इंजिनांचे झिजलेले क्रँक, म्हणजे आतले फिरते दांडे, आमच्याकडे घासायला येत. वाकलेला घडीव क्रँक दाबून सरळ करता येतो, बिडाचा ओतीव त्याच दाबाखाली तुटतो. म्हणून ओळख आधी पटवावी लागे. उस्ताद क्रँक साखळीला टांगून हातोडीचा हलका ठोका देत. घडीव घंटेसारखा वाजत राही, ओतीव थप् करून गप्प. मी आपला क्रँकच्या अंगावरची साच्याच्या सांध्याची रेघ बघायचो, ओतीवाची बारीक, घडीवाची बोटभर रुंद. "रेघ बहिऱ्याइसाठी असते," ते म्हणायचे. "तुले अल्लानं कान देले, ते काय चष्मा अडकवाले?"

मग मशिनींनी त्यांचेच कान खाल्ले. कोणाला कळलं नाही, मला कळलं, कारण त्यांच्यावर दात धरून मी दिवसभर त्यांनाच बघत असे. ठोका देताना ते डाव्या हाताचं एक बोट क्रँकला हळूच टेकवत. घडीव क्रँकच्या मुंग्या बोटात बराच वेळ राहतात, ओतीवाच्या लगेच विझतात. त्यांचा एकही निकाल चुकत नव्हता. मला कौतुक वाटायला हवं होतं. मला आनंद झाला.

एका सकाळी मालक आणि पातूरची गिऱ्हाइकं समोर असताना त्यांनी सवयीनं माझ्या कपाळावर पेर आपटलं. सगळे हसले. मी साखळीवरच्या क्रँककडे बोट केलं आणि त्यांना ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश म्हणालो, "उस्ताद, हात न लावता सांगा."

त्यांनी हातोडी उचलली. मग डावा हात खाली घेऊन त्यांनी ठोका दिला. क्रँक असा वाजला, की समोरचा चहावालाही वळून बघू लागला.

"बीड," उस्ताद म्हणाले.

या वेळी मीही हसलो. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, आणि मालकानं त्यांची जागा मला दिली.

गेल्या महिन्यात रुंद रेघ बघून मी एक क्रँक घडीव ठरवला आणि दाबाखाली ठेवला. तो तुटला. तुकडे घेऊन उस्तादांच्या घरी गेलो. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "घासून रुंद केली कोनी तरी," ते म्हणाले. "तुह्यासारख्यासाठीच."

राग नव्हता त्यांच्या बोलण्यात, त्याचाच मला त्रास झाला. एकदा तरी त्यांनी मला घडीव म्हणावं, एवढीच नऊ वर्षांची माझी भूक होती. मी कपाळ पुढे केलं. "अन मी, उस्ताद?"

त्यांनी माझे ओठ वाचले. मग दोन्ही हात पाठीमागे नेले.

"हात न लावता सांगू काय?"