चारशे बारावा दिवस

आमचे हे अंधशाळेच्या छापखान्यात मशीन सांभाळतात. मी तिथेच, कागदावर उमटलेले ठिपके बोटांनी वाचून चुका काढते. मला दिसत नाही. ऐकू मात्र नको तितकं येतं. रोज सकाळी दार उघडलं की हे जाहीर करणार, "आज चारशे अकरावा!" म्हणजे यांचा लिनक्सचा संगणक तितके दिवस एकदाही बंद पडलेला नाही. लोक पोराबाळांचं कौतुक सांगतात, यांचं हे असं! मुली यांना 'अखंड सर' म्हणतात, आणि हे त्यावर खूश.

चारशे बाराव्या दिवशी ठिपके उमटवणारा जुना प्रिंटरच जळाला. खोक्यात पडून असलेला नवा काढून जोडला. नऊ वाजले होते. अकराला सात मुलींची शेवटच्या वर्षाची गणिताची परीक्षा. प्रश्नपत्रिका हातात पडली नाही, तर साती जणींचं वर्ष वाया.

"काय म्हणतोय संगणक?"

"काहीतरी जोडलंय, एवढंच. पुढे अवाक्षर नाही. कर्नलचं मॉड्यूल चढल्याचा संदेश यायला हवा, तो येतच नाही."

कर्नल म्हणजे संगणक चालवणारा आतला कारभारी, आणि मॉड्यूल म्हणजे त्याचा एकेका यंत्रापुरता दुभाषा, एवढं मला लग्नानंतर पाठ झालंय. यांनी वायर बदलली, ती दुसऱ्या खाचेत खोचली, पुन्हा वायर बदलली.

"वायरच खराब दिसतेय."

"खापर फोडायला वायर बरी सापडते तुम्हाला!"

मग यांनी मॉड्यूल हाताने चढवायला घेतलं. कळांचा आवाज अचानक थांबला.

"अगं, मॉड्यूलांचं फोल्डरच नाहीये."

आवाजावरून मी ओळखलं, हे यांच्याच हातचं काम. "काय करून ठेवलंत?"

"गेल्या आठवड्यात डिस्क भरली होती. नवा कर्नल कधीचा येऊन बसलाय, म्हणून जुन्याची मॉड्यूलं पुसून टाकली. पण मशीन बंदच केलं नाही ना, त्यामुळे अजून चालतोय तो जुनाच."

"म्हणजे भाडेकरू घरात आणि त्याचं सामान रस्त्यावर!"

"जुन्या प्रिंटरचं मॉड्यूल आधीच चढलेलं होतं, म्हणून कळलं नाही."

"मग आता?"

"बंद करून चालू करायचं. नवा कर्नल उठेल, त्याचं सगळं जागेवर आहे."

म्हणाले खरं, पण कळ दाबल्याचा आवाज काही येईना. माझं डोकं फिरलं. चुलीत घाला तो आकडा, असं तोंडावर आलं होतं, तेवढ्यात संगणकातला पंखा थांबला.

वर्षभराहून जास्त कानात बसलेली ती घरघर गेली, आणि मला यांचा श्वास ऐकू आला, मध्येच पुटपुटणंही, "ऊठ बाबा, पोरींचं वर्ष आहे." मुलींच्या काळजीने माणूस धापा टाकत होता, आणि मी मात्र त्यांना आकड्याचा लोभी समजत होते. वाईट वाटलं मला.

पंखा पुन्हा फिरला. थोड्या वेळाने हे ओरडले, "आला संदेश!" आणि नवा प्रिंटर टकटकायला लागला. पहिल्या पानावरून बोटं फिरवली, बिनचूक. पावणेअकराला साती प्रश्नपत्रिका वर्गात पोचल्या.

दुसऱ्या दिवशी यांनी दार उघडलं, पण आकडा काही सांगितला नाही. मी पिशवी खुंटीला अडकवली.

"आज दुसरा!" मीच मोठ्याने सांगितलं.