बाटलीतली बुडबुड

सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात मेंढरं धुताना सत्यशीलाचा धाकटा भाऊ खेमा बुडाला, तेव्हा ती काठावरच होती. तो गेला त्या जागी थोडा वेळ बुडबुड झाली आणि मग पाणी निवळलं. त्या दिवसापासून आईनं घरात तो शब्द बंद केला. घागर भरतानाच्या आवाजालाही लेकरांनी 'गुळगुळ' म्हणायचं. सत्यशीला लग्न होऊन हट्टा गावी मेंढपाळाच्याच घरी आली, तिची पोरं मोठी झाली, तरी तिच्या तोंडून तो शब्द कधी निघाला नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी तिच्या नवऱ्याला, ज्ञानबाला, अशी धाप लागली की बोलणंही खुंटलं. वसमतच्या डॉक्टरांनी लगेच नांदेडला हलवायला सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये सिस्टर रागिणीनं त्याच्या नाकाला नळी लावली आणि वर टांगलेली पाण्याची बाटली दाखवली.

"मावशी, ऑक्सिजन ह्या पाण्यातून जाऊन राहिला. बुडबुड चालू हाय तोवर हवा बराबर येऊन राहिली समजा."

सत्यशीलाच्या अंगावर काटा आला. तिनं नुसती मान हलवली.

वसमत सोडताच हळदीच्या ट्रॅक्टरांनी रस्ता तुंबलेला. ड्रायव्हर हिरासिंगनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. एकदा त्यानं करकचून ब्रेक मारला आणि स्ट्रेचर पुढं सरकलं. रागिणी फोनवर नांदेडच्या दवाखान्याशी बोलत होती. सत्यशीलानं पाहिलं, ज्ञानबाचे ओठ काळेनिळे पडत होते. हॉर्नच्या गलक्यात काही ऐकू येईना. तिनं उठून बाटलीला कान लावला.

आत काहीच आवाज नव्हता.

"सिस्टर, थांबलं!"

"गाडी? ट्राफिक हाय ना मावशी."

"न्हाई, ते... पाणी..."

रागिणीनं फोन कानाशी धरूनच प्यायच्या पाण्याची बाटली पुढं केली. सत्यशीलानं ती हातानं उडवून लावली. ज्ञानबाचे डोळे वर गेले.

"बुडबुड!" ती किंचाळली. "बुडबुड थांबली वो, बुडबुड!"

फोन खाली पडला. रागिणीनं नळी चाचपली, ती स्ट्रेचरच्या दांडीखाली चेपली गेली होती. दोघींनी मिळून स्ट्रेचर मागं ओढलं. क्षणभर काही झालं नाही. मग बाटलीत एक बुडबुडा उठला, त्यामागून दुसरा, आणि पाणी जोरात बुडबुडू लागलं. सत्यशीला नांदेड येईस्तोवर बाटलीला कान लावून उभीच राहिली.

ज्ञानबा वाचला. धूळ आणि लोकर त्याला आता वर्ज्य आहेत. मेंढरांची कातरणी सत्यशीलाच करते, आणि तो लांब ओट्यावर बसून तिच्या चुका काढतो.