चालण्याची भीती

धुळ्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी माझ्या ईसीजीची पट्टी खिडकीच्या उजेडात धरली, पुन्हा एकदा पाहिली आणि म्हणाले, "नाझरसाहेब, मायोकार्डियल इन्फार्क्शन आहे. आता उठायचे नाही."

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी वाहिनी बंद पडते व स्नायूचा तेवढा भाग मरतो, त्याला हे नाव आहे. आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो तो हाच. छातीतील जळजळ पित्ताची समजून मी शिंदखेड्यात दुपारपर्यंत घरीच थांबलो होतो. असे कोणी करू नये.

अतिदक्षता विभागात डोक्याशी एक यंत्र हृदयाच्या ठोक्यांबरोबर वाजत असे. दोन आवाजांत किंचित अंतर पडले की मी पुढच्या आवाजाची वाट पाहत राही. एका सकाळी शेजारची खाट रिकामी होती. तेथील गृहस्थ कोठे गेले, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. न्यायालयाच्या नोकरीत मी जप्तीचे हुकूम बजावून घेतले होते. लोक मला वचकून असत. रुग्णालयात मी एका यंत्राला वचकून होतो.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "गोळ्या नेमाने घ्या आणि चाला. आधी घरात, मग अंगणात, मग रस्त्यावर."

गोळ्या घेतल्या. चाललो नाही. माझे थोरले बंधू याच दुखण्यात शेताकडे पायी निघाले आणि बांधावर कोसळले. तेव्हापासून आमच्या घरात या आजारावर एकच उपाय मानला जाई, पडून राहणे. पत्नी मला पाण्याचा तांब्याही उचलू देत नसे. भेटायला येणारा प्रत्येक जण आरामाचा उपदेश करून जाई. तो उपदेश माझ्या भीतीला सोयीचा होता.

मी दिवसभर मनगटावर बोट ठेवून नाडी पाहत असे. झोप उडाली. काही आठवड्यांत खाटेपासून न्हाणीपर्यंत जाताना दम लागू लागला. हृदय संपत आले, अशी माझी खात्री झाली. पुन्हा धुळ्याला निघालो तेव्हा परत येण्याची आशा मी धरली नव्हती.

डॉक्टरांनी टूडी एको केला. ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाची हालचाल पडद्यावर दाखविणारी ही तपासणी. नंतर ते म्हणाले, "हृदय होते तसेच आहे. अंगातले स्नायू गळालेत, म्हणून दम लागतो. झोपून राहा असे कोणी सांगितले?"

"सगळ्यांनीच सांगितलं," पत्नी म्हणाली.

"मी सांगितले होते?"

तिने माझ्याकडे पाहिले.

डॉक्टरांनी मला उठविले आणि माझी नाडी धरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालविले. चालताना ते बोलत होते. "स्नायू सरावले म्हणजे तेच काम करताना हृदयावर कमी भार पडतो. रक्तदाब आटोक्यात राहतो, झोप लागते. आणि मनातली ही धडकी चालल्याशिवाय जाणार नाही. तिच्यावर माझ्याजवळ गोळी नाही." त्यांनी आणखी एक बजावले. चालताना छातीत दुखले तर थांबून, बसून जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवायची. दुखणे लगेच गेले तर सावकाश घरी जाऊन त्यांना कळवायचे. न गेले तर मिळेल त्या वाहनाने तडक रुग्णालय गाठायचे.

शिंदखेड्यात चालणे सोपे नव्हते. वयस्कर माणूस रिकाम्या हाताने पायी निघाला म्हणजे त्याला गाडी मिळाली नाही, असा समज. दूधवाला भटू तर रोज लूना थांबवी आणि कोठे निघालात, असे अहिराणीत थट्टेने विचारी.

"नाना, कथा निंघनात? नानीनी घरमाइन काढी दिधं का?"

आजार सांगण्याची मला लाज वाटे. नकार दिला तर तो रागावे, म्हणून मी मागे बसे. खरे कारण वेगळे होते. लूनावर बसलो की रस्त्यात मरण्याची भीती तेवढ्यापुरती टळे.

एके सकाळी मी लवकर निघून गावाबाहेरच्या पुलापर्यंत गेलो. तेथे छाती आवळली गेली. आसपास कोणी नव्हते. बंधूंचा बांध डोळ्यांसमोर आला. मी कठड्याला टेकून खाली बसलो आणि गोळी जिभेखाली ठेवली. घामाने सदरा भिजला. मग हळूहळू छाती मोकळी झाली.

तेवढ्यात भटू आला. "नाना, बठा मांगे."

मला लूनावर बसायचे होते. परंतु दुखणे गेले होते, आणि आता बसलो तर पुन्हा घराबाहेर पडणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होते.

"भटू, मला हृदयाचा झटका येऊन गेला आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे. मी चालतच येतो."

तो खाली उतरला. "मंग चाला. मी शे ना."

दुधाच्या किटल्यांसकट लूना ढकलत तो माझ्याबरोबर निघाला. मी थांबलो की तोही थांबे आणि म्हशीच्या आटलेल्या दुधाबद्दल काहीतरी सांगत राही. गावात त्या दिवशी दूध उशिरा पोहोचले, त्याबद्दल त्याने बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखविले. त्यांनी अंजायनाचे निदान केले. श्रमाच्या वेळी हृदयाला रक्त अपुरे पडून येणारी ही कळ. त्यांनी गोळ्या बदलल्या आणि बोलता येईल इतक्याच वेगाने चालण्यास सांगितले.

मी रोज चालतो. झोप लागते. मनगटावर बोट जात नाही. भीती पूर्ण गेली असे म्हणणार नाही. ती असताना निघता येते, इतके कळले आहे. ज्यांना हा आजार झाला असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि त्यांनी होकार दिला की शेजाऱ्यापाजाऱ्यांचे ऐकत बसू नये.

डॉक्टरांचे आभार मी त्यांच्या समोर मानले. भटूचे मानले नाहीत. त्याच्यासमोर मला ते जमत नाही. येथे मानतो.