वामनभाऊंची पगाराची स्लिप

वामनभाऊ कुणाच्याही हातात पगाराची स्लिप नुसती देत नसत. आधी समोर बसवायचे आणि समजावायचे: वर किती, खाली किती, मधात काय गेलं. "खालचा आकडा बँकवालाही सांगते. मधातलं मी सांगतो, समजलं का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मूळचे चिमूरचे. एटापल्लीत रस्त्याची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडे ते सगळ्यांचे पगार काढायचे. मी हाताखाली लागले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला तीन ओळी लिहून दिल्या. फंड कामगाराचाच, त्यात मालकही भर घालतो. व्यवसाय कर सरकारचा. फेब्रुवारीत तो शंभरने जास्त, त्या पगाराच्या दिवशी लवकर ये, लोक भांडायला येतात.

लालसू पाण्याचा टँकर चालवायचा. माडिया घरातला, अबोल. दर महिन्याला भाऊ समजावत, तो मान हलवी आणि सही करी. तीन वर्षांनी एका सकाळी तो सुट्टी मागायला आला. बायकोच्या पोटात गाठ निघाली होती, चंद्रपूरला ऑपरेशन सांगितलं होतं, आणि पेरणी तोंडावर असताना तो बैलजोडी विकायला निघाला होता. बैल कशाला विकतोस, आजारपणासाठी फंडातून पैसे काढता येतात, असं भाऊंनी सांगितलं. लालसूने विचारलं, कोणता फंड?

"दर महिन्याले कापून राह्यलो, तो."

"तो तुमचा हिस्सा ना, भाऊ?"

तेंदूपत्त्याच्या खरेदीवर मुनशी शेकड्यामागे चार-पाच पुडे फुकट ठेवून घेतो. इथे भाऊ तसेच ठेवून घेतात, असं त्याने तीन वर्षं धरलं होतं. तक्रार नव्हती. उलट हे भाऊ कमी घेतात, असं तो गावात सांगत होता.

भाऊ म्हणाले, "मी समजावे, तं तू मान काऊन हालवे?"

"तुमी मोठे माणूस. नाई कसं म्हणू?"

फंडाचं त्याला तरीही खरं वाटेना. तेव्हा भाऊंनी खणातून स्वतःची स्लिप काढून त्याच्या स्लिपशेजारी ठेवली. लालसूने दोन्हींवरून ओळीओळीने बोट फिरवलं.

"तुमचे बी कापते?"

"माहे तं जास्त कापते."

त्या दिवशी माझ्या यादीत अकरा कामं होती, एकही झालं नाही. आम्ही अर्ज भरला, बँक खात्यातलं नाव दुरुस्त करून आणलं. पैसे वेळेत आले, ऑपरेशन झालं, बैल गोठ्यातच राहिले.

पुढच्या पगारापासून भाऊ आपली स्लिप दाराजवळच्या खिळ्याला लावू लागले, आणि समजलं का, हे विचारणं त्यांनी सोडलं. समोरच्याला म्हणायचे, "आता तू मले समजाव." गोंडीत समजावलं तरी चाले, लालसू बाजूला उभा राहून ते मराठीत सांगे.

भाऊंना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या खुर्चीवर आता मी बसते आणि खिळ्याला माझी स्लिप असते. अर्ध्या एटापल्लीला माझा पगार पाठ आहे, घरच्यांना ते आवडत नाही. परवा मार्चच्या पगारात माझा वर्षअखेरचा इन्कम टॅक्स कापला गेला, तेव्हा लालसू ती स्लिप वाचत बराच वेळ उभा राहिला, मग हळूच टेबलाशी आला.

"बाई, या खेपेला तुमचा टॅक्स लय गेला. बसा, मी चहा सांगतो."